लॅन्थॅनम पापुद्र्यात शिरलं, की नुसतं मातीला चिकटलं?

प्रश्न थोडक्यात असा. परभणीकडच्या एका संशोधक विद्यार्थिनीने घरच्या शेतातली काळी माती चाळून, पाण्याने धुऊन लॅन्थॅनम या दुर्मिळ मृदा मूलद्रव्याच्या नायट्रेटच्या द्रावणात २४ तास ढवळली. एक्सआरडीतलं, म्हणजे क्ष-किरणांनी मातीच्या पापुद्र्यांमधलं अंतर मोजण्याच्या पद्धतीतलं, पहिलं शिखर १४.९ अँगस्ट्रॉमवर होतं (१० अँगस्ट्रॉम म्हणजे १ नॅनोमीटर), ते १५.३ वर गेलं. ईडीएक्समध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मूलद्रव्यं मोजण्याची पद्धत) लॅन्थॅनम वजनाने ९ टक्के दिसतं. तिला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ‘इंटरकॅलेशन झालं’, म्हणजे लॅन्थॅनम पापुद्र्यांच्या मध्ये शिरलं, असं प्रबंधात लिहू का? आणि पुढे याच मातीत युरोपियम हे त्याच कुळातलं मूलद्रव्य घालून लाल प्रकाश देणारा पदार्थ करता येईल का?

ताई, दोन्हींना माझं आजचं उत्तर ‘नाही’ असं आहे. पहिलं ‘नाही’ मेहनतीने ‘हो’ होऊ शकतं. दुसरं मात्र काळ्या मातीपुरतं ‘नाही’च राहील. मी तीस वर्षं चिकणमातीच्या खनिजांवर काम केलं, त्यातली बरीच वर्षं मराठवाड्यातल्या साध्या प्रयोगशाळांमध्ये. म्हणून जे सांगतोय ते महागड्या यंत्रांवाचून करता येण्यासारखंच आहे.

आधी मातीविषयी, कारण तुम्ही काळी माती निवडली याचं मला मनापासून समाधान आहे. मे महिन्यात तुमच्या शेतात हातभर खोल भेगा पडतात आणि मृगाच्या दोन पावसांत त्या मिटतात. वाफसा यायला दिवस मोजावे लागतात. घाई करून औत घातलं की फाळाला माती लगडते. हे सगळं एकाच खनिजकुळाचं काम आहे: स्मेक्टाइट, आणि त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव मॉन्टमोरिलोनाइट. फ्रान्समधल्या मॉन्टमोरिलॉन गावावरून १८४७ साली ते पडलं. बेसॉल्ट कुजून आपल्याकडे हीच खनिजं तयार झाली. त्यांचा एकेक पापुद्रा जेमतेम ०.९६ नॅनोमीटर जाड असतो. वर-खाली सिलिकाच्या जाळ्या, मध्ये अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमची. मधल्या जाळीत काही ठिकाणी त्रिधनभारी अॅल्युमिनियमच्या जागी द्विधनभारी मॅग्नेशियम बसलेलं असतं, म्हणून अख्ख्या पापुद्र्यावर थोडा ऋणभार उरतो. तो फेडायला दोन पापुद्र्यांच्या फटीत सोडियम, कॅल्शियमसारखे आयन पाण्यासकट येऊन बसतात. ते कायमचे रहिवासी नसतात. बाहेरच्या द्रावणात दुसरे आयन भरपूर असले की जागा बदलतात. इंग्लंडमध्ये थॉम्पसन आणि वे या दोघांनी १८५०च्या सुमारास अमोनियम क्षार मातीतून गाळताना ही देवाणघेवाण पहिल्यांदा नीट पाहिली. तुमचा प्रयोग त्याच घराण्यातला आहे, फक्त आत जाणारा पाहुणा वेगळा.

आता तुमच्या ९ टक्क्यांकडे वळतो, कारण खरी गोम तिथेच आहे.

चांगल्या, शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटची धनायन विनिमय क्षमता, म्हणजे अदलाबदलीला ती किती धनभार घेऊ शकते, १०० ग्रॅमला ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट (तितके मिलिमोल धनभार) असते. ९० धरू. लॅन्थॅनमवर तीन धनभार, म्हणजे १०० ग्रॅम मातीत ३० मिलिमोल मावतील. अणुभार १३८.९, म्हणजे सुमारे ४.२ ग्रॅम. पापुद्र्यांमधली प्रत्येक जागा लॅन्थॅनमने भरली तरी हिशोब ४ टक्क्यांच्या आसपास थांबतो. तुमची तर अख्खी शेतमाती आहे. तिच्यात वाळू आहे, गाळ आहे, चुनखडी आहे. तिची क्षमता ५० धरली तर मर्यादा २.३ टक्क्यांवर येते. मग ९ टक्के लॅन्थॅनम बसलं कुठे? फटीत नक्कीच नाही. ईडीएक्स पृष्ठभागाजवळचंच पाहतं, त्यामुळे आकडा थोडा फुगला असेल, पण दुपटी-चौपटीचा फरक त्याने भरून निघत नाही. आपल्या काळ्या मातीचा पीएच सहसा ८ च्या आसपास असतो आणि तिच्यात चुनखडी असते. लॅन्थॅनमचं आम्लधर्मी द्रावण अशा मातीत ओतलं की ते कार्बोनेट आणि हायड्रॉक्साइड होऊन कणांवर साका धरतं. कितीही धुतलं तरी तो साका जात नाही, आणि ईडीएक्सला साका आणि फटीतला आयन यांतला फरक कळत नाही.

एक्सआरडीचा पुरावाही इथे कामाचा नाही, आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही. शेतातली काळी माती मुळातच कॅल्शियमने भरलेली असते. कॅल्शियमवाल्या स्मेक्टाइटमध्ये साध्या हवेत पाण्याचे दोन थर असतात आणि शिखर १५ अँगस्ट्रॉमच्या आसपास येतं. लॅन्थॅनमवाल्यातही पाण्याचे दोनच थर, शिखर पुन्हा १५ च्या थोडं वर. ०.४ अँगस्ट्रॉमची सरक तर खोलीतल्या ओलाव्यानेही होते. तुमचा नमुना न ढवळता दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजला असता तरी तेवढा फरक कदाचित दिसला असता.

मी स्वतः याच खड्ड्यात पडलो होतो, म्हणून तुमची चूक मला परकी वाटत नाही. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी लॅन्थॅनम घातलेले आठ-दहा नमुने केले. लॅन्थॅनमचं ग्रहण विनिमय क्षमतेच्या दीडपट येत होतं आणि मी ते आनंदाने आलेखावर मांडत होतो. पुढे एकदा निवळातलं (माती खाली बसल्यावर वर उरलेल्या द्रावणातलं) सोडियम मोजलं, तर जेवढं लॅन्थॅनम नाहीसं झालं होतं त्याच्या तिपटीऐवजी जेमतेम दुप्पट सोडियम बाहेर आलं होतं. कारण शोधायला तीन महिने गेले. माती वेगळी करण्यासाठी मी सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट वापरलं होतं, माती परीक्षणाच्या प्रत्येक प्रयोगशाळेत कणांचं विश्लेषण करताना वापरतात तेच. त्यातलं फॉस्फेट मातीच्या कणांच्या कडांना धरून राहिलं होतं, आणि लॅन्थॅनमला फॉस्फेटइतकं प्रिय दुसरं काही नाही. माझं एक-तृतीयांश लॅन्थॅनम फॉस्फेटचा साका होऊन बसलं होतं. सगळे नमुने पुन्हा केले. तेव्हापासून मी एकच विचारतो: किती आत गेलं हे पुरे नाही, त्याच्या बदल्यात बाहेर काय आलं? तीन सोडियम बाहेर, एक लॅन्थॅनम आत. हा हिशोब जुळल्याशिवाय मी ‘इंटरकॅलेशन’ हा शब्द लिहीत नाही.

तेव्हा सुरुवातीपासून करू.

माती वरच्या थरातली न घेता हात-दीड हात खालची घ्या, म्हणजे मुळं आणि खताचा अंश कमी येईल. वाळवून, कुटून चाळा. मग चुनखडी काढा. सोडियम अॅसिटेट आणि अॅसेटिक आम्लाचं पीएच ५ चं बफर घालून कोमट ठेवा, फसफस थांबेपर्यंत. थेट हायड्रोक्लोरिक आम्ल ओतू नका, त्याने मधल्या जाळीतलं अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम सुटतं आणि तेच अॅल्युमिनियम पुढे फटीत जाऊन बसतं. सेंद्रिय भागासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड. आपली माती काळी असली तरी सेंद्रिय कर्ब तिच्यात थोडाच असतो, त्यामुळे हे काम लवकर संपतं. मोकळे लोह ऑक्साइड डायथायोनाइट-सायट्रेट-बायकार्बोनेटने निघतात, पण नंतर सायट्रेट पूर्ण धुतलं पाहिजे, नाहीतर ते लॅन्थॅनमला धरून ठेवतं. आणि मातीचे कण सुटे करायला फॉस्फेटवालं कुठलंही विखुरक वापरू नका. हे मी तुम्हाला हात जोडून सांगतो.

आता २ मायक्रोमीटरहून बारीक भाग वेगळा करायचा. पुस्तकात लिहिलेलं असतं की २० अंशांना १० सेंटिमीटर खोलीसाठी ८ तास थांबा. ते पुस्तक आपल्या उन्हाळ्यासाठी लिहिलेलं नाही. पाणी तापलं की पातळ होतं आणि कण लवकर खाली बसतात. ३० अंशांना हीच वेळ सव्वासहा तासांच्या आसपास येते, आणि वीज गेलेल्या मे महिन्यातल्या दुपारी खोली ४० अंशांवर असेल तर ५ तास. तुम्ही ८ तास थांबलात तर हवे असलेले कणही तळाला गेलेले असतील. पाण्यात थर्मामीटर ठेवा आणि स्टोक्सच्या नियमाने वेळ काढा.

बारीक माती मिळाली की ती पूर्ण सोडियमची करायची. एक मोलर मिठाच्या द्रावणात चार वेळा ढवळा, प्रत्येक वेळी सेंट्रिफ्यूज करून निवळ फेका. हे सोडियमचं पाऊल गाळून टाकायचा मोह होतो, पण हिशोब आणि एक्सआरडी दोन्ही त्याच्यावर उभे आहेत. सोडियमवाल्या मातीचं शिखर कोरड्या-मध्यम हवेत १२.४ अँगस्ट्रॉमला येतं, पाण्याचा एकच थर. तिथून लॅन्थॅनम घातल्यावर १५.३ ला गेलं, तर ती सरक कुणाच्याही डोळ्यांत भरते. टू-थीटा, म्हणजे क्ष-किरण वळण्याच्या कोनामध्ये, ७.१ अंशांवरून ५.८ अंशांवर.

मग मीठ धुवायचं. एकदम लिटरभर पाणी ओतण्यापेक्षा थोडं थोडं पाणी अनेकदा घाला. नळीत १० मिलिलिटर ओला गाळ उरत असेल आणि दर वेळी ४० मिलिलिटर पाणी घातलं, तर पाच धुण्यांत मीठ ३१२५ पटींनी उतरतं, आणि पाणी लागतं फक्त २०० मिलिलिटर. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या दिवसांत ऊर्ध्वपातित पाण्याचा प्रत्येक कॅन आम्ही मोजून वापरला आणि धुण्याचा हा हिशोब तेव्हा अंगवळणी पडला. बोअरचं पाणी मात्र शेवटच्या धुण्यालाही नको, त्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट सगळ्यावर पाणी फिरवतात.

तिसऱ्या-चौथ्या धुण्याला माती खाली बसायचं नाकारेल. घाबरू नका. क्षार उतरले की सोडियमवाले पापुद्रे एकमेकांपासून सुटतात आणि पाण्यात तरंगत राहतात. चोपण जमिनीत पाणी का मुरत नाही, ती चिखलून का बसते, त्याचं कारण हेच आहे. अशा वेळी ४००० फेऱ्यांच्या सेंट्रिफ्यूजशी झगडत बसू नका. लगदा डायलिसिसच्या नळीत भरून ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवा आणि सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबाने पांढरट येणं थांबेपर्यंत पाणी बदलत राहा.

आता मुख्य काम. २ ग्रॅम सोडियम-माती १०० मिलिलिटर पाण्यात. या लगद्याचा पीएच ८-९ असतो, त्यात लॅन्थॅनम थेट ओतलं की पुन्हा साका. म्हणून अगदी पातळ नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून आधी ५ ते ५.५ वर आणा. क्षमता ९० असेल तर २ ग्रॅमला ०.६ मिलिमोल लॅन्थॅनम पुरतं. त्याच्या तिप्पट घ्या, म्हणजे १.८ मिलिमोल, सहा पाणी असलेल्या नायट्रेटच्या रूपात सुमारे ०.७८ ग्रॅम. थोड्या पाण्यात विरघळवून थेंब थेंब सोडा. त्या क्षणी बघत राहा. तासन्‌तास तरंगणारी माती डोळ्यांसमोर फुटलेल्या दुधासारखी होते, गुठळ्या धरते आणि खाली बसते. तीन भारांचा आयन पापुद्र्यांना जवळ ओढतो. इतक्या वर्षांनंतरही हे पाहायला मी खुर्ची ओढून बसतो. मात्र गुठळी झाली म्हणजे आयन फटीत गेला असं नाही. देवाणघेवाण बहुतेक पहिल्या काही तासांत उरकते. रात्रभर ढवळा, पण पीएच मधूनमधून पाहा. तो ६ च्या वर चढू देऊ नका, ४ च्या खाली घसरू देऊ नका.

मूलद्रव्यागणिक ही सीमा सरकते. लॅन्थॅनमपासून ल्युटेशियमपर्यंत आयनची त्रिज्या १०३ पिकोमीटरवरून ८६ वर येते. आयन जितका लहान, तितका तो पाण्याला घट्ट धरतो आणि तितक्या कमी पीएचला हायड्रॉक्साइड होऊन बसतो. म्हणून अर्बियम किंवा यटर्बियमसोबत काम करताना पीएच ५ हीच वरची मर्यादा धरा. सेरियमने सुरुवात करू नका. ते हवेत चौथ्या भारावर जातं, नमुना पिवळसर पडतो आणि मग आत काय आहे ते उमगत नाही. डोळ्यांनी रंग दिसावा अशी इच्छा असेल तर निओडिमियम घ्या. फिकट जांभळं द्रावण, ५७५ नॅनोमीटरच्या आसपास टोकदार शोषण, साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवरही निवळातलं प्रमाण मोजता येतं.

जाता जाता नावाविषयी. ‘दुर्मिळ मृदा’ या शब्दामुळे मुलांना वाटतं की ही मूलद्रव्यं मातीत असतात म्हणून असं नाव पडलं. इथे ‘मृदा’ म्हणजे जुन्या रसायनशास्त्रातलं न विरघळणारं, न वितळणारं ऑक्साइड. स्वीडनमधल्या इटर्बी गावच्या खाणीत १७८७ साली एक काळा दगड सापडला आणि १७९४ मध्ये गाडोलिनने त्यातून अशी नवी ‘मृदा’ वेगळी केली. यट्रियम, टर्बियम, अर्बियम, यटर्बियम या चौघांची नावं त्या एकाच गावावरून आली.

आता हिशोबाकडे. यासाठी मूलद्रव्यं मोजणारं महागडं आयसीपी यंत्र लागत नाही. उरलेलं लॅन्थॅनम ईडीटीए या धातूचे आयन धरणाऱ्या रसायनाने टायट्रेट करून मोजता येतं. अॅसिटेट किंवा हेक्सामीन बफरने पीएच ५ ते ६ ठेवा, दर्शक म्हणून झायलेनॉल ऑरेंज घ्या, जांभळट-लाल रंग पिवळा झाला की थांबा. त्या पीएचला कॅल्शियम-मॅग्नेशियम मध्ये येत नाहीत. लोह आणि अॅल्युमिनियम मात्र घोटाळा करतात, म्हणून लॅन्थॅनम न घातलेल्या मातीचा कोरा नमुना सोबत करायचाच. सोडियमसाठी फ्लेम फोटोमीटर पुरे, तो माती परीक्षणाच्या कुठल्याही प्रयोगशाळेत असतो. वरच्या उदाहरणात सगळं नीट झालं तर ०.६ मिलिमोल लॅन्थॅनम द्रावणातून कमी होईल आणि १.८ मिलिमोल सोडियम, म्हणजे सुमारे ४१ मिलिग्रॅम, बाहेर येईल. १०० मिलिलिटरमध्ये ते ४१४ पीपीएम होतं. पन्नासपट पातळ करून वाचा. गुणोत्तर २.८ ते ३.१ आलं तर मी निश्चिंत असेन. अडीचच्या खाली आलं तर कुठेतरी साका आहे, किंवा आयन हायड्रॉक्सिल घेऊन दोन भारांचा होऊन बसला आहे, किंवा कणांच्या कडांना चिकटला आहे. सोडियम तिपटीहून जास्त आलं तर मीठ नीट धुतलं गेलेलं नाही, किंवा आम्लातल्या हायड्रोजन आयनांनी जागा घेतली आहे.

दुसरी कसोटी उलटी. जे देवाणघेवाणीने आत गेलं ते देवाणघेवाणीने बाहेरही आलं पाहिजे. धुतलेला नमुना एक मोलर अमोनियम क्लोराइडमध्ये तीन-चार वेळा ढवळा. फटीतलं लॅन्थॅनम सुटून येईल, फॉस्फेटचा साका जागचा हलणार नाही. चीनच्या दक्षिणेकडे च्यांग्शी प्रांतात १९६९ पासून सापडलेले दुर्मिळ मृदांचे साठे नेमके असेच आहेत. ग्रॅनाइट कुजून झालेल्या केओलिनसारख्या मातीवर आयन चिकटून राहिलेले. तिथे अमोनियम सल्फेटचं द्रावण सोडून ते उतरवतात. आणि त्या अमोनियमने तिथल्या पाण्याचं, डोंगरउतारांचं केलेलं नुकसानही मोठं आहे. मला शेतकरी मित्र विचारतात, आपल्या काळ्यातही असं काही मिळेल का? बेसॉल्टमध्ये ही मूलद्रव्यं ग्रॅनाइटच्या मानाने कमी असतात, आणि आपली चुनखडीची, अल्कधर्मी माती त्यांना सुटे आयन म्हणून राहू देत नाही. देगलूर-बिलोलीकडे बेसॉल्टचं आवरण संपून ग्रॅनाइट उघडा पडतो, तिथली माती वेगळी आहे, पण वेगळी माती म्हणजे खाण नव्हे.

एक्सआरडी करताना दोन पथ्यं. लगद्याचे थेंब काचपट्टीवर सोडून सावकाश वाळू द्या, पापुद्रे आडवे बसतात आणि पहिलं शिखर उठून दिसतं. दुसरं, ओलावा बांधा. मे महिन्यात आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की लॅन्थॅनमवाल्या नमुन्यातलाही एक थर उडून शिखर १२ कडे सरकू लागतं. आणि श्रावणात सोडियमवाला नमुनाही दोन थर घेऊन १५ ला पोचतो. म्हणजे उन्हाळ्यात खरं इंटरकॅलेशन लपेल आणि पावसाळ्यात नसलेलं दिसेल. डेसिकेटरच्या तळाशी मॅग्नेशियम नायट्रेटचं संपृक्त द्रावण ठेवलं की आर्द्रता ५३ टक्क्यांच्या आसपास टिकते. सगळे नमुने त्यात दोन दिवस ठेवून मगच मोजा. वाळवायला ओव्हन ६० अंशांच्या वर नको. ३०० अंशांपर्यंत तापवलं की पाणी जाऊन फट १० अँगस्ट्रॉमपर्यंत मिटते आणि आयनचा काही भाग जाळीतल्या षट्‍कोनी खळग्यांत रुतून बसतो, मग तो अमोनियमनेही निघत नाही. तो स्वतंत्र आणि सुंदर विषय आहे. अणुभट्टीतला कचरा जमिनीखाली बेंटोनाइटच्या (मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइट असलेल्या मातीच्या) वेष्टनात ठेवायचा, फिनलंडमध्ये आखणी केली आहे तसा, तर त्यातलं अमेरिशियम मातीत किती घट्ट बसेल? अमेरिशियम हाताळणं धोक्याचं, म्हणून त्याच्याच आकाराचं आणि भाराचं युरोपियम घेऊन हे प्रयोग करतात.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. काळ्या मातीत युरोपियम जाईल, पण उजळणार नाही. आपल्या स्मेक्टाइटच्या जाळीतच लोह बसलेलं आहे. डायथायोनाइटने मोकळं लोह निघतं, जाळीतलं निघत नाही. ते लोह अतिनील प्रकाश स्वतःच गिळतं आणि युरोपियमने घेतलेली ऊर्जाही ओढून घेतं. कच्छ-बारमेरच्या बेंटोनाइटमध्येही लोह असतंच. प्रकाशासाठी संश्लेषित हेक्टोराइट घ्या, बाजारात लॅपोनाइट नावाने मिळतं. सोडियम-लिथियम-मॅग्नेशियमचं सिलिकेट, २५-३० नॅनोमीटरच्या चकत्या, लोह नाही. त्याचा लगदा पीएच १० च्या आसपासचा, आणि आम्लात ते हळूहळू विरघळतं, त्यामुळे पीएचची कसरत तिथे जास्त नाजूक. पातळ लगदा, थंड द्रावण, कमी वेळ.

युरोपियम आत गेल्यावर ३९४ नॅनोमीटरने उत्तेजित करा. ५९२ आणि ६१६ च्या आसपास दोन शिखरं येतील. ६१६ चं ५९२ च्या मानाने जितकं वाढेल, तितकं आयनभोवतीचं वातावरण विषम. आणि प्रकाशाचा क्षयकाळ, म्हणजे तो किती वेळात विझतो, जरूर मोजा. आयनला धरून बसलेल्या पाण्याचा प्रत्येक रेणू ऊर्जा चोरतो. १.०७ ला मिलिसेकंदातल्या क्षयकाळाने भागून ०.६२ वजा केलं की भोवतीच्या पाण्याच्या रेणूंची संख्या मिळते. क्षयकाळ ०.११ मिलिसेकंद आला तर उत्तर ९, म्हणजे आयन पूर्ण पाण्यात गुरफटलेला आहे. म्हणूनच नुसत्या देवाणघेवाणीने केलेला नमुना फिका दिसतो. फेनँथ्रोलीनसारखा रेणू फटीत घालून पाणी बाजूला सारलं की तोच नमुना दिव्याखाली लालभडक होतो. मॉन्टमोरिलोनाइटसारख्या भारघनतेत दोन युरोपियम आयनांमध्ये सरासरी १.४ नॅनोमीटर अंतर पडतं, त्यामुळे ते एकमेकांना विझवत नाहीत.

मग काळी माती सोडून द्यायची? मुळीच नाही. तिचं लॅन्थॅनम प्रकाशासाठी नको, पाण्यासाठी वापरा. लॅन्थॅनम घातलेलं बेंटोनाइट ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात तलावातलं फॉस्फेट बांधायला तयार केलं गेलं. त्यात लॅन्थॅनम सुमारे ५ टक्के असतं, म्हणजे आपण वर काढलेल्या मर्यादेच्या जवळपास. सांडपाण्याने जलपर्णी माजलेले तलाव आपल्याकडे काय कमी आहेत? नांदेड, बीडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. लॅन्थॅनम फ्लोराइडलाही धरतं. पण पिण्याच्या पाण्यासाठी काम करायचं असेल तर मातीतून किती लॅन्थॅनम परत पाण्यात सुटतं हे आधी मोजा, फ्लोराइड किती गेलं हे नंतर. हा क्रम उलटा करून छापलेले निकाल पाहिले की मला खरोखर वाईट वाटतं. ते पाणी कुणाच्या तरी घरात जाणार असतं.

आहे तो नमुना फेकू नका. चिमूटभर घेऊन त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका आणि भिंगातून बघा, फसफस दिसली तर कार्बोनेट आहे. मग अर्धा ग्रॅम मोजून घ्या, एक मोलर अमोनियम क्लोराइडमध्ये पीएच ६ ठेवून चार वेळा ढवळा, सगळे निवळ एकत्र करा आणि झायलेनॉल ऑरेंज घालून ०.०१ मोलर ईडीटीएने टायट्रेट करा. सगळं लॅन्थॅनम देवाणघेवाणीने बसलेलं असतं तर ९ टक्क्यांच्या हिशोबाने ३२ मिलिलिटर लागले असते. माझा अंदाज आहे की तुमची ब्युरेट ८ च्या आसपास थांबेल. जो आकडा येईल तो आणि सोबत मातीचा मूळचा पीएच मला कळवा, पुढचं तिथून ठरवू.